दाताचा पत्ता

माझ्या टेबलाच्या खणात एक दात आहे. सहा सेंटिमीटर लांब, तपकिरी, टोकाकडे काळसर होत गेलेला. चार वर्षांपूर्वी एका मैत्रिणीने तो मला वाढदिवसाला मोठ्या प्रेमाने दिला. ऑनलाइन विकत घेतलेला. सोबत एक गुळगुळीत प्रमाणपत्र होते: अस्सल डायनोसॉरचा दात, स्पायनोसॉरस, मोरोक्को. कित्येक महिने तो माझ्या संगणकाशेजारी होता. गणित अडले की मी तो हातात घेऊन बसत असे. दहा कोटी वर्षांच्या आसपासचा काळ तळहातावर मावतो, या जाणिवेचे सुख शब्दांत सांगता येत नाही.

एका संध्याकाळी प्रयोगशाळेतला अतिनील दिवा दुसऱ्या कामासाठी लावलेला होता. सहज म्हणून दात त्याखाली धरला. दात मंदच राहिला, पण त्याच्या मधोमध निळसर पांढरी कडी लख्ख उजळली. ती चकाकी सरसाची होती. वरचा तुकडा एका दाताचा, खालचा दुसऱ्याचा, आणि मधला सांधा वाळू व रेझिन कालवून बुजवलेला.

फसवणुकीचे मला फार वाईट वाटले नाही. खरा धक्का दुसऱ्या दिवशी बसला. जीवाश्मांचा अभ्यास करणाऱ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना मी तो दाखवला. त्यांनी भिंगातून पाहिला आणि म्हणाले, "तुकडे दोन्ही खरे आहेत. पण कुठले?"

"मोरोक्कोचे," मी म्हणाले.

"मोरोक्को हा देश झाला. कुठल्या टेकडीचे? कुठल्या थरातले? शेजारी काय सापडले होते?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि आता ते जगात कोणापाशीच असणार नाही. ज्या हातांनी ते तुकडे उकरले, त्यांनी सांगितले नाही. विकणाऱ्याने विचारले नाही. घेणाऱ्याला गरज वाटली नाही. दात खरा असूनही मुका झाला होता. आपल्या देशातही असे कित्येक दात, हाडे आणि अंडी रोज मुकी होत आहेत. म्हणून हे लिहिते आहे.

आधी हे सांगायला हवे की दाताला एवढे महत्त्व का. डायनोसॉरांचे दात आपल्यासारखे दोनदाच येत नसत. जन्मभर जुने गळत आणि नवे येत. दातातल्या डेंटिनवर रोज एक अशी सूक्ष्म रेषा उमटते. त्या रेषा मोजून एक दात किती दिवसांत तयार झाला हे काढता येते, आणि त्याखाली वाढणाऱ्या दाताशी ताळा घेतला की बदलण्याचा वेगही कळतो. डिप्लोडोकस या लांब मानेच्या शाकाहारी प्राण्याचा दात सुमारे ३५ दिवसांनी बदलत असे, कॅमारासॉरसचा सुमारे ६२ दिवसांनी. मादागास्करचा मांसाहारी मजुंगासॉरस, जो आपल्या राजासॉरसच्या कुळातला, त्याचा दात सुमारे ५६ दिवसांनी. एकेका प्राण्याने आयुष्यात किती दात टाकले असतील याचा अंदाज यावरून करावा. सापडलेला दात म्हणजे प्राण्याचा मृत्यू, असे समजण्याचे कारण नाही. पुष्कळदा तो चालता चालता, खाता खाता गळलेला असतो. म्हणूनच दात सापडतात अधिक, आणि खिशातही तेच आधी जातात.

दुसरे कारण एनॅमल. शरीरातला हा सर्वांत कठीण पदार्थ जवळपास संपूर्णपणे खनिजाचा असतो. हाड सच्छिद्र, भूजल त्यात शिरते आणि मूळ रसायन बदलून टाकते. एनॅमल दाट असल्यामुळे कोट्यवधी वर्षे आपली नोंद सांभाळून ठेवू शकते. त्या नोंदीचे वाचन भौतिकशास्त्राच्या भाषेत चालते, आणि माझ्यासारखी माणसे या क्षेत्राकडे ओढली जातात ती इथेच. एनॅमलमधल्या कार्बोनेटमध्ये कार्बन-१३ आणि ऑक्सिजन-१८ हे दोन जड अणू परस्परांशी किती प्रमाणात बांधले गेले आहेत, हे दात घडताना असलेल्या तापमानावर ठरते. तापमान कमी असेल तर अशा जोड्या अधिक. २०११ मध्ये या पद्धतीने ब्रॅकिओसॉरसच्या शरीराचे तापमान सुमारे ३८ अंश सेल्सिअस, तर कॅमारासॉरसचे सुमारे ३६ अंश निघाले. कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेल्या जनावराला लावलेला हा तापमापक! २०२५ मध्ये तर दातांच्या एनॅमलमधील ऑक्सिजनच्या तीन समस्थानिकांच्या प्रमाणावरून त्या काळच्या हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजण्यात आला. प्राण्याने घेतलेल्या श्वासाचा ठसा त्याच्या दातात राहिला होता.

या सगळ्या मोजमापांना एक अट आहे. दात कोणत्या थरातला, हे ठाऊक असले पाहिजे. तापमान मिळाले, पण ते सोळा कोटी वर्षांपूर्वीचे की सात कोटी वर्षांपूर्वीचे हे कळले नाही, तर त्या आकड्याचे करायचे काय? उपकरण कितीही महाग असो, ते दाताचा पत्ता शोधून देत नाही.

आता ओळखीविषयी. दात पाहून प्राण्याचे नाव सांगणे जितके सोपे वाटते, तितके ते नाही. अभ्यासक आधी आकार पाहतो: दात चपटा आहे की गोल, मागे वळलेला की सरळ. मग धारा: एक की दोन, आणि त्या कुठवर उतरतात. मग धारेवरचे करवतीसारखे दाते: पाच मिलिमीटरमध्ये किती, पुढच्या व मागच्या धारेवर सारखेच की वेगळे. मग मूळ: ते तुटलेले आहे की विरघळून गेलेले. मूळ विरघळले असेल तर दात नैसर्गिकरीत्या गळलेला. मांसाहारी डायनोसॉरांचे दात साधारणपणे चपटे आणि दातेरी, तर आपल्याकडच्या टायटॅनोसॉरांचे बारीक खुंटीसारखे. मगरींचे दात शंकूसारखे असतात. हौशी संग्रहातले कितीतरी 'डायनोसॉर' या परीक्षेत मगरी निघतात.

एवढे करूनही चुका होतात, आणि त्या थोरांकडूनही होतात. इंग्लंडमध्ये गिडियन मॅन्टेल यांनी इग्वानोडॉनचे दात पुढे आणले, तेव्हा कुव्हिए यांच्यासारख्या महापंडितालाही ते आधी गेंड्याचे वाटले होते. आमच्या नागपूरचेच उदाहरण घ्या. टाकळीच्या थरांतल्या एका दाताला १८९० मध्ये रिचर्ड लायडेकर यांनी नाव दिले 'मॅसोस्पॉन्डिलस रावेसी'. म्हणजे त्याला दक्षिण आफ्रिकेतल्या एका प्राण्याच्या प्रजातीत नेऊन बसवले. आज तो दात एका मांसाहारी डायनोसॉरचा मानला जातो, आणि ते नाव संशयास्पद नावांच्या यादीत गेले आहे. पण ही चूक दुरुस्त होऊ शकली, कारण दात जपला गेला, त्याचे ठिकाण लिहिले गेले, आणि पुढच्या पिढ्यांना तो पुन्हा पाहता आला. विज्ञानाला चुकीचे भय नसते. चूक तपासण्याची वाट बंद झाली, तरच विज्ञान हरते.

म्हणून कोणी 'राजासॉरसचा दात' विकायला काढला, तर एक प्रश्न अवश्य विचारावा. गुजरातच्या रहिओली येथील अवशेषांवरून २००३ मध्ये राजासॉरसचे वर्णन झाले. त्यात कवटीचा मागचा भाग, मणके, कंबर आणि पाय यांची हाडे होती. दातांनी भरलेला जबडा नव्हता. मग सुट्या दातावर हे नाव कोणाच्या आधारावर लिहिले? प्रामाणिक चिठ्ठीवर बहुधा एवढेच असेल: मांसाहारी डायनोसॉर, बहुधा ॲबेलिसॉर कुळ. विक्रीसाठी हे नाव फारसे आकर्षक नाही, पण ते खरे आहे.

एका दाताने किती मोठा प्रश्न उभा राहू शकतो, हे तमिळनाडूने दाखवले. कावेरी खोऱ्यातल्या कल्लमेडू येथील क्रिटेशियस काळाच्या अखेरच्या थरांतून मिळालेला एक सुटा दात २०१३ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये प्रसिद्ध झाला. अभ्यासकांनी तो ट्रुडोन्टिड गटाचा ठरवला. हा गट तोवर उत्तरेकडच्या खंडांतूनच ओळखला जात होता, आणि भारत तर त्या काळी समुद्रात उत्तरेकडे सरकणारा भूभाग होता. मग तो प्राणी इथे आला कसा? की हा गट आपण समजतो त्याहून पुष्कळ जुना आणि सर्वदूर पसरलेला होता? एकाच दातावर एवढा भार टाकावा का, असेही अभ्यासक विचारतात, आणि ते योग्यच आहे. पण हा सारा वाद संभवतो, तो दाताचा पत्ता निर्विवाद आहे म्हणून. तोच दात एखाद्या दुकानाच्या काचेखाली असता, तर 'उत्तरेकडचा कुठलातरी असेल' म्हणून विषय संपला असता.

पत्ता खोटा असेल तर काय होते, हेही आपल्या देशाने पाहिले आहे. हिमालयातून मिळाल्याचे सांगून दोन दशकांहून अधिक काळ शेकडो शोधनिबंधांत वर्णिलेले अनेक जीवाश्म मुळात हिमालयातले नव्हतेच, असा आरोप ऑस्ट्रेलियाचे जॉन टॅलंट यांनी १९८९ मध्ये 'नेचर'मधून केला. काही नमुने मोरोक्कोच्या, पॅरिसच्या दुकानांत मिळणाऱ्या नमुन्यांशी, तर काही न्यूयॉर्क राज्यातल्या एका ओढ्याकाठच्या नमुन्यांशी जुळत होते. जीवाश्म अस्सल, पत्ता खोटा. हिमालयाच्या भूविज्ञानाला त्याचा भुर्दंड अनेक वर्षे सोसावा लागला. माझ्या खणातल्या दाताची गोष्ट हीच, फक्त छोट्या प्रमाणावर.

यावर कोणी म्हणेल, मग सर्वसामान्यांनी जीवाश्मांना हातच लावू नये. सरकारने सारे ताब्यात घ्यावे. मला हे उत्तर मान्य नाही, आणि त्याचीही कारणे आपल्याच इतिहासात आहेत. १८२८ मध्ये जबलपूरजवळ बडा सिमला टेकडीवर भारतातले पहिले डायनोसॉर अवशेष मिळाले. ते उचलणारे विल्यम स्लीमन सैनिक व प्रशासक होते, भूवैज्ञानिक नव्हेत. त्या हाडांवरून पुढे १८७७ मध्ये 'टायटॅनोसॉरस इंडिकस' हे नाव ठेवले गेले. आणि त्यानंतर? ज्या हाडावर हे नाव उभे होते, ते हरवले. रानात नव्हे, सरकारी संग्रहात. २०१२ मध्ये कोलकात्याला भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्याच संग्रहात ते पुन्हा गवसले. हौशी माणसाने दिलेली वस्तू व्यवस्थेने हरवली आणि चिकाटीच्या अभ्यासकांनी शोधून काढली. तेव्हा निष्काळजीपणाचा दोष एकट्या हौशी संग्राहकाच्या माथी मारणे न्यायाचे नाही.

मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्याकडे पाहा. नर्मदेच्या खोऱ्यातल्या या भागातून ९२ घरटी आणि २५६ अंडी यांची नोंद २०२३ च्या आरंभी प्रसिद्ध झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस बातमी आली की तिथल्या पाडल्या गावचे लोक शेतात मिळालेले गोल दगड 'काकर भैरव' म्हणून पिढ्यानपिढ्या पुजत होते, आणि ते दगड डायनोसॉरची अंडी असल्याचे तज्ज्ञांनी सांगितले. समाजमाध्यमांवर या बातमीची पुष्कळ टर उडवली गेली. मला ती वाचून हसू आले नाही. ज्या दगडाला गावाने शेताचा आणि गुरांचा राखणदार मानले, तो दगड गावातच राहिला, फुटला नाही, विकला गेला नाही, आणि तज्ज्ञ आले तेव्हा तो कोणत्या शिवारातला हे गाव सांगू शकत होते. आपल्यापैकी किती सुशिक्षितांच्या शोकेसमधल्या दगडांविषयी एवढे सांगता येईल?

म्हणजे गाव शत्रू नाही, मुलाने खिशात टाकलेला दगड शत्रू नाही. जीवाश्म मुका करतो तो व्यवहार: जिथे वस्तू पुढे जाते आणि माहिती मागे राहते. त्या व्यवहाराचा पुरवठा गरिबीतून होतो आणि मागणी आपल्यासारख्यांच्या हौसेतून. खणणाऱ्याच्या हाती पडतात थोडे पैसे. दोन खरे तुकडे जोडून एक मोठा दात केला तर थोडे अधिक. त्याला दोष देताना माझी जीभ अडखळते.

कायदा हवा, यात शंका नाही. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय खाण मंत्रालयाने भूवारसा स्थळे आणि भू-अवशेष यांच्या जतनासाठी विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवला. अशा कायद्याची मागणी भूवैज्ञानिक अनेक वर्षे करत आले आहेत. मसुद्याचे स्वागत झाले, आणि सारे अधिकार एकाच सरकारी यंत्रणेकडे एकवटण्याला अनेक अभ्यासकांनी हरकतही घेतली. मला ती हरकत रास्त वाटते. जीवाश्म उचलणारा प्रत्येक हात गुन्हेगाराचा ठरू लागला, तर लोक जीवाश्म उचलायचे थांबणार नाहीत. ते सांगायचे थांबतील. शेतकरी नांगराला लागलेले हाड बांधावर ठेवण्याऐवजी फोडून टाकील, कारण जमीन जाण्याची धास्ती त्याला हाडाहून मोठी वाटेल.

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांताने मधला मार्ग काढला आहे. डायनोसॉरांच्या बाबतीत तो जगातल्या सर्वांत समृद्ध प्रदेशांपैकी एक. तिथे जमिनीच्या पृष्ठभागावर सुटा पडलेला जीवाश्म जमीनमालकाच्या परवानगीने उचलता येतो आणि घरी ठेवताही येतो. पण उचलणारा असतो राखणदार. मालकी प्रांताचीच राहते. परवानगीवाचून तो विकता येत नाही, प्रांताबाहेर नेता येत नाही, आणि खणून काढण्यासाठी परवाना लागतो. या व्यवस्थेत लहान मुलाचे कुतूहल शाबूत राहते आणि बाजाराची वाट अडते. राखणदार ही कल्पना तर आपल्या गावांना शिकवावीही लागणार नाही. पाडल्याचा भैरव दुसरे काय होता?

माझ्या मते आपल्या कायद्याने चार गोष्टी कराव्यात. विक्री आणि निर्यात यांवर कडक बंदी. सापडल्याची माहिती देणाऱ्याला शिक्षेपासून पूर्ण अभय, आणि त्याचे नाव संग्रहातल्या चिठ्ठीवर. जिल्हा पातळीवर एखादे महाविद्यालय किंवा वस्तुसंग्रहालय, जिथे माणूस दगड घेऊन निर्भयपणे जाऊ शकेल. आणि सरकारी संग्रहांची लोकांना पाहता येईल अशी छायाचित्रांसह सूची, म्हणजे पुन्हा एखादे हाड हरवले तर ते हरवल्याचे तरी कळेल.

कायदा येईल तेव्हा येईल. तोवर आपल्याला करता येण्यासारखे पुष्कळ आहे. कुठे दात वा हाड दिसले, तर उचलण्याआधी जागेवरच छायाचित्र घ्यावे, शेजारी नाणे किंवा पट्टी ठेवून. भ्रमणध्वनीवर त्या जागेचे अक्षांश-रेखांश नोंदवावेत. थर ताजा असेल, काही अर्धवट गाडलेले असेल, तर उकरू नये. जवळच्या विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला कळवावे. सुटा तुकडा कोणाला दाखवण्यासाठी न्यायचाच असेल, तर घासू नये, तेल किंवा वॉर्निश लावू नये, सरसाने जोडू नये. आणि मांडायचा झाला तर दिव्यापेक्षा चिठ्ठीवर खर्च करावा: कुठे, केव्हा, कोणाला, कोणत्या थरात. नाव माहीत नसेल तर ती जागा कोरी ठेवावी. कोरी जागा पुढच्या माणसाला कामाला लावते. खोटे नाव त्याला झोपवते.

राहता राहिला माझा दात. तो मैत्रिणीला परत करण्याचा प्रश्न नव्हता. तिच्या प्रेमात भेसळ नव्हती. टाकून देणेही जमले नाही. आता शाळांमध्ये बोलायला जाते तेव्हा तो सोबत नेते. मुले आधी आनंदाने ओरडतात, मग खोली अंधारी करून मी अतिनील दिवा लावते, आणि ती कडी उजळताच वर्ग शांत होतो. मग कोणीतरी हमखास विचारते, "पण मॅडम, हे दोन दात होते कुठले?"

मी त्यांना प्रमाणपत्र दाखवत नाही. दाताला मी स्वतः लिहिलेली चिठ्ठी बांधली आहे, ती वाचायला देते: 'दोन दातांचे तुकडे, सरसाने जोडलेले. स्थळ: अज्ञात. थर: अज्ञात. कोणाला मिळाले: अज्ञात.'